वू-वेई आणि पाच एचपीची मोटार

परीक्षेचं वेळापत्रक मोबाइलवर आलं. अक्षरं बारीक, म्हणून दोन बोटांनी मोठं करून बघत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. "शाले, छाटणीचं काय ते या आठवड्यात सांग. नाहीतर मी सरळ जेसीबी बोलावतो आणि बाग काढून टाकतो." दादा माझा थोरला भाऊ. ओझरच्या विमान कारखान्यात त्याची उमर गेली, त्यामुळे घरातल्या गोष्टीही भोंग्यावर सुरू व्हाव्यात आणि भोंग्यावर संपाव्यात असं त्याला वाटतं. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघर ते गॅलरी अशा चार चकरा मारल्या. गॅलरीत आमचे वडील, नाना, खुर्चीत बसले होते, वॉकर शेजारी उभा. कुणाचा फोन, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

एप्रिल लागला की माझं हे असंच होतं. नाशिकला एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम अंगावर येतात, परीक्षा आणि खरड छाटणी. ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाचा वेल वर्षातून दोनदा छाटतात. ऑक्टोबरातली गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलमधली खरड छाटणी वेलाला नव्यानं उभं करण्यासाठी. माल उतरून गेला की भर उन्हात सगळ्या काड्या खरडून काढतात. तारांच्या मंडपावर काळी खोडं आणि हातभर फांद्या तेवढ्या उरतात. लहानपणी मला ते बघवायचं नाही. काल जिथं अंग टाकावं अशी सावली होती तिथं आज रखरखीत ऊन, आणि वाळक्या काड्यांचा, सालीचा कोरडा वास सगळ्या घरभर. त्या वासातच मी भूगोलाचे नकाशे काढले, त्या वासातच बीजगणित घोकलं. अजून तो वास आला की आपला पेपर नक्की कुठला आहे तेच आठवत नाही.

पुढच्या वर्षीचा घड ह्याच दिवसांत ठरतो. छाटणीनंतर नवी फूट येते, ती हातभर वाढते, आणि मे महिन्याच्या तापल्या उन्हात त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. नुसता पाला. आत घड बसला की नाही हे कळायला गोडी छाटणीपर्यंत थांबावं लागतं. चार-पाच महिने. माझ्यासारख्या बाईला चार-पाच मिनिटं थांबणं जड.

सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली, तर तिसऱ्या दिवशी मी घरातले सगळे डबे उतरवून पुसले. पाचव्या दिवशी शेजारणीचे. मग आमचे हे म्हणाले, "अगं, बाकीच्या बायका योगासनांना जातात." मी बाहेरून एम. ए. ला नाव घातलं, विषय तत्त्वज्ञान. का, तर शाळेत कपाटातल्या त्या पुस्तकांना कधी कुणी हात लावला नव्हता, आणि मला कुणी हात न लावलेल्या वस्तू बघवत नाहीत. त्यात गेल्या वर्षी एक पेपर होता, 'पूर्व आशियाई धर्म आणि तत्त्वज्ञाने : मुख्य संकल्पना'. आमच्या अभ्यास केंद्रावरचे सर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "हे विषय पाठ करायचे नाहीत. पण परीक्षा पाठांतराचीच आहे, त्यामुळे पाठ करा." मी वहीला तांबडं कव्हर घातलं आणि सुरुवात केली.

ताओ म्हणजे वाट. सगळं जिच्यातून येतं आणि ज्या रीतीनं चालतं ती वाट. इतकं वाचून मी पुस्तक मिटलं, कारण मला गंगापूर रोडची वाट आठवली. तिथं सिग्नल हिरवा व्हायच्या आत माझा हॉर्न वाजलेला असतो. रेन म्हणजे माणसाचं माणसाशी वागणं, त्याच्या अक्षरात एक माणूस आणि शेजारी दोनाचा आकडा असतो. ली म्हणजे रीत, कुणी कुणाला कसा नमस्कार करायचा इथपासून मेलेल्यांना काय वाढायचं इथपर्यंत. श्याओ म्हणजे आईवडिलांविषयीचं कर्तव्य, कन्फ्यूशियन मतात सगळ्या चांगुलपणाचं मूळ ते. त्याचं अक्षर मी समासात पाच-सहा वेळा काढून बघितलं. वर म्हातारा, खाली मूल. मुलानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलंय असा त्याचा अर्थ लावतात. मला ते फार आवडलं. आपण हेच करतो असं वाटून मी त्या पानावर चांदणी काढली.

आणि वू-वेई. शब्दाला शब्द लावला तर 'न करणं'. पण आळस नाही. जे आपल्या रीतीनं घडतंय त्यात बळजबरीनं हात न घालणं, आणि जेवढा हात लावायचा तो वेळ बघून, अलगद. सर म्हणाले, ह्यावर प्रश्न येतोच, वीस गुणांचा. मी पाच मुद्दे, दोन उदाहरणं आणि समारोप पाठ केला.

गेल्या वर्षी खरड छाटणी झाली आणि चौथ्या दिवशी नाना बागेच्या बांधावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सायखेड्याच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमची दीड एकर बाग आहे. आई गेल्यापासून नाना तिथं एकटेच राहतात, म्हणजे राहत होते. नाशिकला आणून ऑपरेशन केलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "फुटवा कसाय?" नर्सला वाटलं पेशंट बरळतोय. दादानं तिथंच, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, शब्द घेतला. "नाना, हे शेवटचं वर्ष. यंदा बाग आली तर राहा तिकडं, मी परत नाव काढणार नाही. नाही आली तर बाग काढायची आणि तुम्ही शालूकडं नाशिकला यायचं. एकटं राहायचं वय नाही तुमचं." नानांनी मान हलवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आपल्या घरात राहणार की नाही, हे त्या दिवशी काडीच्या डोळ्यातल्या घडावर टाकलं गेलं. मला ते दिसत होतं. त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

मी सुट्टीवरच होते जन्मभराच्या. ह्यांना म्हटलं, "डबा लावून घ्या, मी महिनाभर नानांकडं चालले." बॅगेत चार साड्या, नानांची औषधं आणि तांबड्या कव्हराची वही. नानांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी टाकली. खिडकीतून बागेच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. गोळ्यांनी त्यांना दिवसभर झापड असायची. मी त्यांना उठवून बसवायचे, अंग पुसायचे, गोळ्या द्यायचे, भात कालवून भरवायचे. तेवढ्यात दूध उतू जायचं, तेवढ्यात फिजिओचा फोन यायचा, तेवढ्यात वही उघडून 'यिन-यांग : परस्परपूरकता' घोकायचे. त्या दिवसांत मी सरळ चालल्याचं मला आठवत नाही, पळालेलंच आठवतं.

बागेत यमुनाबाई होती. पेठ तालुक्याकडची. दरसाल नवऱ्याला आणि गावातल्या चार बायकांना घेऊन छाटणीला येते, भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, कामं निघाली की परत जाते. नानांच्या बागेतला एकेक वेल तिला ओळखीचा. फुटींची विरळणी करताना तिचे हात बघावेत. दहा फुटींतली कुठली ठेवायची आणि कुठली खुडायची हे ती बोलता बोलता ठरवते, आणि बोलणं थांबत नाही. मी तिला एकदा यिन-यांग समजावून सांगितलं, का ते विचारू नका, मला घोकायला कुणीतरी हवं होतं. म्हटलं, मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. एकीवाचून दुसरी नाही, दिवस फिरतो तशा त्याही फिरतात. ती म्हणाली, "हे शिकायला शाळा लागती का, ताई? उन्हाच्या अंगाची नागली आधी निसवती, सावलीच्या अंगाची मागून. आमची शेंबडी पोरंबी सांगतील." मी ते उदाहरण म्हणून वहीत लिहून घेतलं.

झेनबद्दल वाचलं तेव्हा मात्र मला हसू आलं. आपलाच 'ध्यान' शब्द. तो चीनला गेला, तिथं 'चान' झाला, जपानला पोहोचेपर्यंत 'झेन'. नुसतं बसायचं, बसण्यातून काही मिळवायचंही नाही. लग्नाआधी आम्ही मैत्रिणी पांडवलेण्यांवर जायचो, तिथं भिक्खूंच्या कोठड्यांत दगडी ओटे आहेत. त्यावर बसून आम्ही भेळ खाल्ली होती. ह्याच ओट्यांवर कुणी पावसाळाभर गप्प बसून काढला असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. गेल्या मेमध्ये एका दुपारी नाना झोपल्यावर मी भिंतीकडं तोंड करून बसून बघितलं. चौथ्या मिनिटाला उठले. मांजर शिंकाळ्यावर चढलंय असं वाटलं. चढलेलं नव्हतं.

नानांना कधीकधी झापडेतून जाग यायची. एकदा म्हणाले, "काय वाचून ऱ्हायली?"

"चीन-जपानचा पेपर आहे, नाना."

"तिकडं द्राक्षं असती का?"

"असतील की."

"मंग तेबी उन्हाळ्यात असंच बसत असतील," असं म्हणून ते परत झोपले.

मे अर्ध्यावर आला आणि ऊन असं तापलं की अंगणातल्या फरशीवर पाय ठरेना. फूट हातभर वाढली होती, शेंडे खुडून झाले होते. दुपारी दोनच्या सुमाराला मी बागेत गेले तर पानं लुळी पडलेली. सगळ्या ओळीच्या ओळी मान टाकून उभ्या. तशीच विहिरीवर गेले, स्टार्टरची पेटी उघडली, हिरवं बटन दाबलं. पाच एचपीची मोटार घुरघुरली, ठिबकच्या नळ्यांतून थेंब पडायला लागले आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरापाशी परत आले तर पुढच्या खोलीच्या खिडकीशी यमुनाबाई ओळीतून धावत आली. "ताई, पानी नका देऊ. आता घड धरायचं दिस हायत. नाना ह्या दिसांत पानी निम्म्यावर आणत्यात, बागेला तहान लागू देत्यात. पानी जास्त झालं तर ती नुसती माजती."

मला ते माहीत नव्हतं असं नाही. द्राक्षवाल्याची मुलगी आहे मी. ह्या दिवसांत पाण्याचा ताण देतात, हे घरात शंभरदा ऐकलेलं. पण किती ताण, कुठपर्यंत, पानाची कुठली मान ताणाची आणि कुठली मरणाची, हे नानांच्या डोळ्यात होतं, माझ्या नव्हतं. आणि माझ्या हातात असताना बाग वाळली, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. नानांचं घर त्या बागेवर उभं होतं. मी यमुनाबाईला म्हटलं, तुझं खरं असेल, पण ऊन बघ किती आहे. ती पदरानं तोंड पुसून ओळीत गेली.

मग रोजच झालं ते. सकाळी सहाला उठले की पहिली मोटार. पाण्याचा आवाज आला की मला वाटायचं काहीतरी होतंय, आपण काहीतरी करतोय. आठवडाभरात बागेनं अशी काही उचल घेतली की बघत राहावं. पानं तळहातापेक्षा मोठी, काळीशार हिरवी. मी मोबाइलवर फोटो काढून दादाला पाठवले. तो म्हणाला, "एक नंबर." मी खाटेपाशी जाऊन नानांना म्हणाले, "बाग झकास आहे हां, काळजी करू नका." नाना खिडकीकडं तोंड करून पडले होते. "हं," म्हणाले.

पेपर मेच्या शेवटी होता. त्या दिवशीही सकाळी दोन तास मोटार चालवली, आंघोळ केली, नानांना गोळ्या दिल्या, यमुनाबाईला त्यांच्याजवळ बसवलं आणि एसटीनं नाशिकला गेले. प्रश्नपत्रिका हातात आली. दुसरा प्रश्न : वू-वेई ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा. गुण वीस. साडेचार पानं लिहिली मी. शेतकरी वेळ ओळखून हात आखडता घेतो, असं उदाहरणसुद्धा दिलं, वळणदार अक्षरात. निकाल लागला तेव्हा सगळ्यांत जास्त गुण त्याच पेपरला. आमच्या ह्यांनी पेढे आणले.

पेपर म्हटला की मला माझी दहावीही आठवते. केंद्र निफाडला होतं. नाना मला सायकलवर डबलसीट घेऊन जायचे, आठ दिवस, रोज. मला फाटकात सोडलं की समोरच्या निंबाखाली जाऊन बसायचे. तीन तास. हातात पेपर नाही, विडी नाही, कुणाशी गप्पा नाहीत. इतर मुलींचे वडील खिडकीखाली येरझाऱ्या घालायचे, शिपायाला विचारायचे, आतून पाण्याच्या निमित्तानं निरोप पाठवायचे. मी एकदा चिडून विचारलं, "तुम्ही नुसते काय बसता तिथं? करता काय?" ते म्हणाले, "काय करायचं? पेपर तू देऊन ऱ्हायली व्हती." तेव्हा मला तो त्यांचा अडाणीपणा वाटला होता. मला गणितात अठ्ठ्याऐंशी पडले.

जुलै-ऑगस्टमध्ये काडी पिकते, हिरवी असते ती तपकिरी होते. आमची पिकायला उशीर झाला. माझा एक महिना लांबत ऑगस्टपर्यंत गेला होता, आणि नाना तोवर वॉकरवर अंगणापर्यंत येत होते. एक काडी हातात धरून त्यांनी बोटांनी पेरं मोजली. पेरं लांब लांब सुटली होती, माजलेल्या काडीची सुटतात तशी. काडी तशीच तारेवर ठेवून ते घरात गेले. मला वाटलं, दमले. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, पंधरा दिवसांत नवी फूट आली, आणि यमुनाबाईचा फोन. एरवी तिला फोन केला तर ठेवू देत नाही, त्या दिवशी शब्द मोजून बोलली. "ताई, घड नाय. बाळ्याच हायत." बाळी म्हणजे वेल तारेला धरायला जो तंतू सोडतो तो. घडाच्या जागी तंतू. ओळीत कुठं एखादा घड, तोही मुठीएवढा. मी दुपारीच गेले. दीड एकर हिरव्या पाल्याखालून शेवटपर्यंत चालत गेले आणि मोजायला दोन हातांची बोटं पुरली.

दादानं शब्दाची आठवण करून दिली. नानांनी वाद घातला नाही. दिवाळीच्या आधी मी त्यांना गाडीत घालून नाशिकला आणलं. बाग काढायचं तेवढं एप्रिलवर ढकललं. दोन धोतरं, तीन सदरे, आईचा फोटो. यमुनाबाईनं गाडीत एक पिशवी ठेवली, तिच्यात नागलीचं पीठ होतं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. नाना तिथं बसायचे आणि समोरच्या बाईनं कुंड्यांना पाणी घातलं की तेवढं बघायचे. जेवण वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला की बंद. मी त्यांची सेवा जिवापाड केली, हे कुणीही सांगेल. सोसायटीत माझं उदाहरण देतात.

तर यंदाचा एप्रिल. दादाच्या फोनला दोन दिवस झाले होते. मी गॅलरीत बसून ह्या वर्षीचा पेपर वाचत होते, त्यात परत गेल्या वर्षीच्या संकल्पना येतातच. नाना म्हणाले, "मोठ्यानं वाच की. मलाबी ऐकू दे." मी वाचलं आणि सोप्या भाषेत सांगितलं. वू-वेई म्हणजे असं असं. जे चाललंय त्याच्या वेळेला मान द्यायचा. मध्येच हात घालायचा नाही.

नाना समोरच्या कुंड्यांकडं बघत म्हणाले, "म्हंजे मोटार बंद ठेवायची."

मी वही मांडीवर ठेवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पाच एचपीची मोटार हाय ती, शालू. खाट खिडकीला. रोज सकाळी ऐकू यायची."

"मग बोलला का नाही? एक शब्द बोलला असतात तर मी बंद केली असती. तुमचं घर गेलं हो त्यात."

नानांचा आवाज चढला नाही, हे मला अजून सोसत नाही. "तू यमुनेला म्हणली व्हती ना, खिडकीपाशी. ती म्हणत व्हती, नानांना इचारा. तर तू म्हणली, 'त्यांना काय विचारायचं, गोळ्यांच्या गुंगीत आहेत ते, त्यांना आता काय कळतंय.' म्हणलं, बरं. नाय कळत."

हे वाक्य मी वर लिहिलेलं नाही. यमुनाबाईशी झालेलं बोलणं सांगताना गाळलं. खरं सांगायचं तर तेव्हा बोलले आणि विसरूनही गेले होते. शाळेत शिपायाला, पोरांना, घरात ह्यांना मी दिवसातून चारदा असलं काहीतरी बोलते आणि पुढच्या कामाला लागते. पण नाना ते वाक्य अकरा महिने सांभाळून बसले होते. मी खोलीत आले तेव्हा, भरवताना, गाडीत घालताना, गॅलरीत खुर्ची मांडून देताना. मला रडू आलं आणि लाजही वाटली. श्याओच्या अक्षरात मूल म्हाताऱ्याला पाठीवर घेतं. मीही घेतलं होतं, पण पोतं घ्यावं तसं. कुठं उतरवू, असं पोत्याला कुणी विचारत नाही. अंग पुसलं, भरवलं, गोळ्या वेळेवर दिल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या बागेत पाणी सोडताना त्यांना विचारलं नाही. सवय अशी की नाशिकला आणतानाही विचारलं नाही. दादाच्या फोनचंही सांगितलं नव्हतं.

उठून चहा ठेवावा असं फार वाटलं. पाय उचललेही गेले. पण परत बसले आणि म्हटलं, "नाना, बागेचं काय करायचं? छाटायची की काढायची? दादा विचारतोय."

"मला इचारून ऱ्हायली?"

"हो."

त्यांनी बराच वेळ घेतला. समोरच्या बाईचं पाणी घालून झालं, ती आत गेली. मला तीनदा वाटलं की आपणच बोलावं, 'छाटू या ना?' म्हणावं. ओठ दाबून बसले.

"छाटा," नाना म्हणाले. "आन् मला तिकडं न्या. लाव त्याला फोन."

मी फोन लावून दिला. दादाचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. "पण नाना, गेल्या वर्षी काय झालं ते बघितलं ना?"

"गेल्या वर्षी मी नव्हतो बागेत," नाना म्हणाले, आणि फोन माझ्याकडं दिला.

चार दिवसांत यमुनाबाईची टोळी आली. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "स्टार्टरच्या पेटीला कुलूप आण. किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल." बायका हसल्या. यमुनाबाई सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसले, आणि सायखेड्याला जाऊन कुलूप आणलं.

हे लिहितेय ते गावच्या घरी, पुढच्या खोलीत. मे अर्धा उलटला. सोमवारी शेवटचा पेपर आहे. फूट हातभर झालीय, शेंडे खुडलेत, आणि घड धरायचे दिवस सुरू आहेत. पाणी निम्म्यावर आलंय. रोज दुपारी मी ओळीत जाते, पानं बघते, परत येते. परवा म्हटलं, "नाना, पानांनी मान टाकलीय." ते म्हणाले, "टाकू दे." काल म्हटलं, "आज जास्तच टाकलीय." ते म्हणाले, "सांजच्याला बघ." संध्याकाळी बघितलं तर उभी होती, पण सगळी नाही. तिसऱ्या ओळीतल्या दोन वेलांबद्दल मला अजून खात्री नाही. आत घड बसतोय की बाळी, कुणालाच माहीत नाही. नानांनाही नाही. त्यांना मी विचारलं, "यंदा तरी येईल ना?" तर म्हणाले, "बघू की." ह्या दोन शब्दांवर माणूस झोपतो कसा, हे मला कुठल्याच पेपरात सापडलेलं नाही.

मघाशी जेवण झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "धर. मी जरा पडतो."

मी हात मागं घेतला. "माझ्याकडं नको, नाना. खरंच नको. माझा भरवसा नाही."

"असू दे," ते म्हणाले. "तू आता इचारती."

ते कुशीवर वळले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. दुपारचे दोन वाजलेत. खिडकीतून पहिल्या दोन ओळी दिसतात, पानं लुळी पडलीत. किल्ली मुठीत घामानं ओली झालीय. ते जागे झाले की विचारीन. तोवर मी इथं खाटेपाशी बसलेय, आणि अजून उठलेली नाही.